घडीच्या चाकूचं लॉक : कलमवाल्यांचे आणि इतरांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. दोन ग्राइंडर, एक मिलिंग मशीन, हार्डनिंगची लहान भट्टी आणि मी धरून तीन माणसं. द्राक्षबागेत कलम करायचे घडीचे चाकू आम्ही बनवतो आणि दुसऱ्यांनी बनवलेले दुरुस्त करतो. ऑगस्टपासून फोन सुरू होतात ते कलमाचा हंगाम संपेपर्यंत थांबत नाहीत. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदा सगळे लिहून ठेवतोय. फोन करण्याआधी वाचा. नाही वाचलं तरी फोन उचलेनच, पण हात ग्रीसने भरलेले असतील.

लॉक नसलेला घडीचा चाकू धोक्याचाच असतो का?

नाही. घरातली घडीची विळी आठवा. आमच्याकडे म्हातारी माणसं तिला इळी म्हणतात. तिला कुठे लॉक असतं? पातं उभं केलं की मागच्या थांब्याला टेकतं. भाजी आपण धारेवर ढकलतो, म्हणजे जोर पात्याला थांब्याकडेच रेटतो. जितकं जोरात कापाल तितकं पातं घट्ट उभं. विळी मिटते ती उलटा धक्का बसला तरच.

साध्या घडीच्या चाकूचं गणितही हेच. मुठीच्या पाठीला एक स्प्रिंगची पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला, म्हणजे मुठीत राहणाऱ्या टोकाला, दाबून धरते. इंग्रजीत त्याला स्लिप जॉइंट म्हणतात, आम्ही 'पाठपट्टीचा' म्हणतो. कापताना जोर धारेवर येतो, पातं उघडं राहायलाच मदत होते. स्विस आर्मी चाकूच्या खिशातल्या ९१ मिलिमीटरच्या मॉडेलला आजही मोठ्या पात्यासाठी लॉक नाही आणि जगभर माणसं तो वापरतात. काडी तासणं, सुतळी कापणं, पेरू चिरणं, एवढंच काम असेल तर लॉकचे पैसे वाचवा.

मग लॉक लागतं कधी?

जोर पात्याच्या पाठीवर किंवा टोकावर येतो तेव्हा.

पाचर कलम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. डॉगरिजचा, म्हणजे मुळासाठी लावलेल्या द्राक्षजातीचा खुंट कापायचा, डोक्यावर मधोमध पातं ठेवून चीर पाडायची आणि दोन्हीकडून तासलेली सायन काडी, म्हणजे हव्या त्या जातीची काडी, त्यात बसवायची. चीर पाडताना ओलं लाकूड पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. पातं काढायला माणूस मूठ वरखाली डुलवतो. डुलवलं की जोर पाठीवर आला आणि बोटं मिटण्याच्या वाटेवर आहेतच.

२०११ मध्ये माझं हेच झालं. चाकू माझाच, पाठपट्टीचा, नवी धार लावलेला. सकाळचे साडेआठ, त्या ओळीतला बहुतेक चाळिसावा खुंट. पातं अडकलं, मी मूठ वर उचलली, 'टक' असा बारीक आवाज आला आणि उजव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेऱ्यावर पातं येऊन बसलं. दुखलं नाही. आधी खुंटावर लाल थेंब दिसले, मग कळलं. सहा टाके पडले. ते बोट अजून पूर्ण मिटत नाही, कॅलिपर धरताना जाणवतं. आमच्या शेडमधली लॉकची सगळी खटपट त्या सकाळनंतरची.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. खुंट चिरायला न मिटणारा, सरळ चाकूच वापरा. घडीचा चाकू काडी तासायला ठेवा. आणि लॉक असो वा नसो, घडीच्या चाकूच्या पाठीवर लाकडाने ठोकू नका.

लॉकचे प्रकार किती? त्यातला चांगला कोणता?

प्रकार पुष्कळ आहेत. आमच्याकडे ज्यांच्याशी गाठ पडते तेवढेच सांगतो.

*कडीचं लॉक.* फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला असतं. चाकू १८९० चा, कडी १९५५ ची. मुठीच्या तोंडाशी फट असलेली पोलादी कडी असते. पातं उघडून कडी फिरवली की फट बाजूला जाते आणि पात्याची वाट बंद. स्प्रिंग नाही, बारीक दात नाही, झिजायला फारसं काही नाही. २००० नंतरच्या चाकूंत ही कडी पातं मिटलेलं असतानाही लागते. मला हे लॉक मनापासून आवडतं, कारण ते सोडताना बोट धारेसमोर आणावं लागत नाही. दोष दोन. कडी फिरवायची आठवण माणसाला ठेवावी लागते, आणि कलमाच्या दिवशी हजार वेळा कोण फिरवणार? दुसरं म्हणजे मूठ लाकडी. दव, पाऊस, फवारणीचं पाणी लागलं की फुगते आणि पातं आत रुतून बसतं.

*पाठलॉक.* अमेरिकेच्या बक कंपनीच्या ११० नंबरच्या चाकूने १९६० च्या दशकात हे घरोघरी नेलं. मुठीच्या पाठीत एक लांब दांडा, मध्ये खिळा, म्हणजे चक्क तराजूसारखा. पुढच्या टोकाला दात आणि पात्याच्या बुडाला खाच. मागचं टोक दाबलं की पुढचा दात वर येतो. मजबूत प्रकार आहे, पण त्याला दोन दुखणी आहेत. पहिलं दुखणं घाण. खाचेत द्राक्षाच्या सालीचा भुगा आणि चीक साचला की दात तळाला टेकत नाही. लॉक लागल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात दात काठावर उभा असतो. आम्ही खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात मुद्दाम थोडी जास्त जागा पोखरतो, घाण तिथे जाऊन बसते आणि दाताच्या टेकायच्या जागा मोकळ्या राहतात. दुसरं दुखणं मुठीचं. मूठ कचकन आवळली तर तळहात मागचं टोक दाबू शकतो आणि लॉक सुटतं. त्यावर डेव्हिड बॉय नावाच्या अमेरिकन कारागिराने साधा उपाय काढला : दांड्याच्या मागच्या टोकावर उथळ खळगा. तळहात खळग्यावरून जातो, अंगठा मुद्दाम आत घातला तरच दांडा दबतो. कानशीचं दहा मिनिटांचं काम आहे. जुना पाठलॉक घेऊन आलात तर आम्ही तो खळगा पाडून देतो.

*लायनर लॉक.* मुठीच्या आतल्या पातळ पोलादी पट्टीचाच एक भाग कापून आत वाकवलेला असतो. पातं उघडलं की तो आत सरकून बुडाच्या मागे उभा राहतो. कल्पना जुनी आहे, पण आजचं रूप मायकेल वॉकर यांनी १९८० च्या सुमारास दिलं. करायला स्वस्त, म्हणून बाजारातल्या बहुतेक चाकूंना हेच असतं, आणि म्हणूनच दुरुस्तीला सगळ्यात जास्त हेच येतं. त्याच्यावर पुढे वेगळं लिहिलंय.

*फ्रेम लॉक.* तेच तत्त्व, पण पातळ पट्टीऐवजी मुठीची जाड भिंतच वाकते. क्रिस रीव्ह यांनी सेबेन्झा या चाकूत आणलं. मूठ आवळाल तसं लॉक आणखी आत दाबलं जातं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पट्टी बाहेरच्या बाजूला जास्त ओढली गेली तर मात्र तिचा ताण कायमचा जातो, म्हणून चांगल्या चाकूंना बाहेरच्या बाजूला एक थांबा असतो.

*आडव्या खिळ्याचं लॉक.* बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस या नावाने आणलं. एक आडवी पिन दोन बारीक स्प्रिंगांवर पुढेमागे सरकते आणि बुड आणि थांब्याच्या मध्ये पाचरीसारखी अडकते. पिन मागे ओढायची, पातं सुटतं. बोटं मुठीच्या बाजूला, धारेच्या वाटेत एकही नाही. पेटंटची मुदत संपल्यावर हे लॉक आता बऱ्याच कंपन्या बनवतात.

चांगलं कोणतं? माझं मत आहे की बागेत आडवा खिळा आणि घरात कडी. आम्ही स्वतः २०१९ पासून आडव्या खिळ्याकडे वळलोय. महाग पडतं. स्प्रिंग तुटते, पण दोन असतात, एक तुटली तर दुसरी काम धकवते आणि खिळा ढिला लागायला लागला की माणसाला कळतं. हळूहळू कळणारा बिघाड मला अचानक होणाऱ्या बिघाडापेक्षा केव्हाही परवडतो.

लायनर लॉक काही दिवसांनी निसटतं किंवा उलट चिकटून बसतं. असं का होतं?

दोन्ही एकाच कोनामुळे. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतो ती आठवा. बेताची निमुळती असेल तर बसते ती बसते. फार जाड, उतरती ठोकली तर दोन घावांत बाहेर उडते. लायनरची पट्टी बुडाच्या ज्या तोंडाला टेकते ते तोंडही असंच उतरतं असतं. पात्यावर मिटण्याचा जोर आला की तो उतार पट्टीला बाजूला ढकलू पाहतो आणि घर्षण तिला जागेवर धरून ठेवतं.

आता आकडे. कोरड्या पोलादावर पोलाद घासताना घर्षणाचा गुणांक साधारण ०.१५ धरतात. त्याचा कोन निघतो सुमारे साडेआठ अंश. म्हणजे उतार साडेआठ अंशांच्या आत असेल तर जोर कितीही आला तरी पट्टी स्वतःहून निसटत नाही. पण चाकू कोरडा कधी असतो? तेल लागलं की गुणांक ०.१० वर येतो आणि कोन पावणेसहा अंशांवर. कोरडा असताना ठणठणीत धरणारा ८ अंशांचा उतार तेलकट झाल्यावर निव्वळ पट्टीच्या स्प्रिंगच्या जिवावर उभा राहतो. दुकानात तपासलेला चाकू बागेत दगा देतो तो असा.

मग कोन ५ अंश का नाही ठेवत? ठेवला तर पट्टी इतकी रुतते की अंगठ्याने निघत नाही. गिऱ्हाईक नख मोडून घेतं आणि मग स्क्रू ड्रायव्हरने ढकलतं. त्यात पातं आपटून हात कापतो तो वेगळाच. बहुतेक कारागीर ७ ते ८ अंशांत राहतात. आम्ही साडेसातला थांबतो आणि तोंड ग्राइंडरच्या खरखरीत ओरखड्यांसह न सोडता बारीक सहाणीवर एकसारखं करून घेतो. ओरखडे असले की दोन्ही तोंडं टेकल्यासारखी वाटतात, पण टेकतात फक्त ओरखड्यांचे माथे. ते महिनाभरात झिजतात आणि लॉक पुढे सरकतं.

नव्या चाकूत पट्टी बुडाच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत यावी. झिजत जाईल तशी ती आणखी आत सरकते, त्यासाठीच तो उतार असतो. सरकत सरकत पट्टी समोरच्या भिंतीला टेकली की पुढे जागा संपली. त्या चाकूचं लॉक संपलं, दुरुस्तीला आणा.

"लॉक बसतंय, पण पातं हालतंय बगा." हे चालतं का?

हालचाल कोणत्या दिशेला आहे ते आधी बघा. पातं डावीउजवीकडे हलत असेल तर पातं ज्यावर फिरतं तो खिळा ढिला आहे, स्क्रू असेल तर थोडा आवळा. वरखाली, म्हणजे मिटण्याच्या दिशेने हलत असेल तर ते लॉकचं दुखणं आहे आणि ते चालत नाही.

आमच्या आधीच्या चाकूंत लॉक टेकतं ती जागा या खिळ्याच्या मध्यापासून ६ मिलिमीटरवर असायची आणि टोकाजवळ तुम्ही जोर लावता ती ७५ मिलिमीटरवर. लॉकच्या जागी ०.१ मिलिमीटरची ढिलाई असेल तर टोकाला ती सव्वा मिलिमीटर दिसते. म्हणून टोकाची किंचित हालचाल बघून घाबरू नका, पण दर आठवड्याला ती वाढतेय का यावर लक्ष ठेवा.

तोच तराजू जोरालाही लागू. टोकाजवळ पाठीवर १० किलोचा दाब आला, म्हणजे खास काहीच नाही, तर लॉकच्या जागी १२५ किलो येतात. लॉक टेकायची जागा ६ ऐवजी ८ मिलिमीटरवर नेली की तेच ९४ वर उतरतात. जाड पोलाद वापरण्यापेक्षा हे दोन मिलिमीटर जास्त उपयोगी. त्यासाठी बूड रुंद करावं लागतं, बुडामुळे मूठ रुंद होते आणि मग बायका म्हणतात, "दादा, हातात मावंना झालाय." बागेत काड्या तासायचं काम बायकाच जास्त करतात. शेवटी आम्ही सातवर तडजोड केली.

सगळा चाकू एकसारखा कडक का करत नाही?

कडक म्हणजे काचेसारखा. पातं आम्ही ५७-५८ रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) ठेवतो, लॉकची पट्टी ४५ च्या आसपास. पट्टीला वाकून परत यायचं असतं, ती पात्याइतकी कडक केली तर मोडेल. उलट फार मऊ ठेवली तर बूड तिला खात जातं. टायटॅनियमच्या फ्रेम लॉकला हाच त्रास, म्हणून चांगल्या चाकूंत टेकायच्या जागी पोलादाचा वेगळा तुकडा स्क्रूने बसवतात. झिजला की तेवढाच बदलायचा.

लॉक चांगलं असूनही बोट कापलं. असं कसं?

या प्रश्नासाठी हे पान लिहायला बसलो.

माझ्याकडे जे चाकू 'लॉकने दगा दिला' म्हणून येतात ते उघडून बघितले की निम्म्याहून जास्त लॉकं ठणठणीत असतात. कापलेलं असतं मिटवताना. लायनर लॉक कसं सोडतात ते हळू करून बघा. अंगठा मुठीच्या आत, पट्टीवर, म्हणजे पातं जिथे येऊन बसणार त्याच खाचेत. पट्टी बाजूला दाबायची, दुसऱ्या हाताने किंवा बोटाने पातं थोडं मिटवायचं आणि मग ऐन वेळी अंगठा बाहेर घ्यायचा. दिवसाला दोनदा केलं तर काही होत नाही. संध्याकाळी पाच वाजता, हात चिकाने चिकट, टेम्पो हॉर्न वाजवतोय आणि आज हे दोनशेव्यांदा, तेव्हा अंगठा अर्ध्या सेकंदाने उशिरा निघतो.

म्हणून लॉक किती किलो धरतं हा आमच्याकडचा दुसरा प्रश्न आहे. पहिला हा : लॉक सोडताना माणसाची बोटं कुठे असतात? नवा नमुना बनवला की आम्ही अंगठ्याला कुंकू लावतो, धार नसलेलं पातं बसवतो आणि वीस वेळा मिटवतो. मग पात्याच्या धारेच्या कडेवर लाल डाग कुठे लागला ते बघतो. डाग लागला की नमुना बाद. धारेचा पहिला १० मिलिमीटरचा भाग, बुडाजवळचा, तिथे डाग सगळ्यात जास्त लागतात.

त्यावर दोन उपाय आम्ही वापरतो. पहिला म्हणजे बुडाजवळ धार न काढता अर्धगोल बोथट खाच सोडायची. पातं अर्धवट मिटून बोटावर आलंच तर आधी ही बोथट खाच बोटाला भिडते. दुखतं, शिवी येते, रक्त येत नाही. मात्र खाच अशा जागी हवी की मूठ धरलेली तर्जनी बरोबर तिथेच असेल. पुष्कळ स्वस्त चाकूंत खाच असते ती फक्त दिसायला, बोट तिच्या पुढे धारेखालीच राहतं. दुसरा उपाय पाठपट्टीच्या चाकूंचा जुना आहे : बुडाला चौकोनी आकार देऊन ९० अंशांवर अर्धा थांबा ठेवायचा. पातं एकदम मिटत नाही, मध्ये उभं राहतं, माणसाला बोटं काढून घ्यायला एक श्वास मिळतो. माझ्या २०११ च्या चाकूला तो असता तर पाचवरच निभावलं असतं... म्हणजे टाक्यांवर. बोट वाचलंच असतं असं मी म्हणत नाही.

खिशात किंवा पिशवीत चाकू आपोआप उघडतो. काय करू?

लॉक म्हटलं की सगळे उघड्या पात्याचा विचार करतात. मिटलेलं पातंही धरून ठेवावं लागतं. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये पट्टीवर एक बारीक गोळी बसवलेली असते, पातं मिटलं की ती पात्यावरच्या उथळ भोकात पडते. ती गोळी किंवा भोक झिजलं की पातं स्वतःच्या वजनाने लोंबायला लागतं. चाकू उलटा धरा आणि हात झटका. पातं बाहेर आलं तर दुरुस्तीला आणा, तोवर रबरबँड लावा. एका आजोबांनी सायकलच्या ट्यूबची कडी कापून लावली होती. आमच्या गोळीपेक्षा चांगली चालत होती.

घरी लॉक कसं तपासायचं?

यूट्यूबवर पात्याची पाठ टेबलावर आपटून दाखवतात ती पद्धत विसरा. त्यात बोटं पात्याच्या वाटेत राहतात आणि धक्का बागेतल्या कुठल्याच कामासारखा नसतो. चांगलं लॉक उसळतं, वाईट लॉक कधी कधी टिकतं, कळत काहीच नाही.

धारेला दोन पदरी इन्सुलेशन टेप गुंडाळा. मूठ वाइसमध्ये धरा, पाठ वरच्या बाजूला, पातं आडवं. टोकाजवळ सुतळीने पिशवी अडकवा आणि एकेक लिटर पाणी भरलेल्या बाटल्या टाकत जा. एक बाटली म्हणजे एक किलो. पाच किलोंवर दहा मिनिटं ठेवा, पट्टी सरकली का बघा. मग बुडाला दोन थेंब तेल सोडा आणि तेच परत. कोरडं टिकलं पण तेलानंतर सरकलं, तर कोन जास्त आहे, चाकू इकडे आणा. आम्ही शेडमध्ये १५ किलोंपर्यंत जातो, पण जाळी लावून. घरी जाऊ नका.

तेल कोणतं घालू? घरात खोबरेल आहे.

खोबरेल नको. २४ अंशांच्या खाली ते थिजतं. डिसेंबरात पहाटे तासगावच्या बागेत पारा कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. खिळ्याजवळ पांढरा मेण्यासारखा थर बसतो, पट्टी अर्ध्यावर अडकते आणि तुम्हाला वाटतं लॉक लागलं. दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात आठ चाकू परत आले, सगळे एकाच टोळीचे. मला वाटलं आमची भट्टीच बिघडली. उघडले तर सगळ्यांत खोबरेल. शिलाई मशीनचं तेल घ्या, खिळ्यावर एक थेंब, लॉकच्या तोंडावर शून्य. आधी कोमट पाण्यात साबण घालून टूथब्रशने चीक काढा, पूर्ण वाळवा.

मी डावखुरा आहे.

लायनर आणि फ्रेम लॉक बहुतेक उजव्या अंगठ्यासाठीच बनतात. डाव्या हाताने सोडायचं तर तर्जनी वाकडी करून आत घालावी लागते, म्हणजे धोका दुप्पट. आडव्या खिळ्याचं किंवा पाठलॉक घ्या. दोन्ही हातांना सारखंच.

"आवाज येणारा" चाकू बनवून द्याल का? रामपुरीसारखा?

महिन्याला एक फोन असतोच. नाही. उघडताना कटकट वाजतं ते पात्याच्या दातेरी बुडावरून स्प्रिंग उड्या मारते म्हणून, स्पेनच्या जुन्या नवाहा चाकूंतही असाच आवाज यायचा. आवाज म्हणजे मजबुती असं नाही. बटण दाबताच उडी मारून उघडणारा चाकूही आम्ही बनवत नाही. बागेत त्याचं काय काम?

असा चाकू जवळ बाळगायला परवाना लागतो का?

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांसाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आमचं सगळ्यात मोठं पातं ८० मिलिमीटरचं आहे. तरी सणावारात, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा चाकू कंबरेला लावून गणपती पेठेत फिरू नका. कात्री, टेप, काड्यांबरोबर कामाच्या पिशवीत असू द्या. विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नको.

हे सगळं सांगलीतच का? इथे चाकूची परंपरा आहे का?

चाकूची म्हणून नाही. पण मिरजेत सतारी-तंबोरे बनवणारी घराणी आहेत, त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे आणि त्यांची दुरुस्ती करणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी हत्यारांचं काम आटलं आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. मी एकदा तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना बघत बसलो होतो. हाडाच्या पट्टीवर इतका बारीक उतार, की तार पट्टीला टेकते कुठे आणि सुटते कुठे ते डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतं. कारागीर दोन घासे मारायचा, तार छेडायचा, परत दोन घासे. त्यानंतर आम्ही लायनरचं तोंड ग्राइंडरवर संपवणं सोडलं आणि शेवटचे घासे हाताने मारायला लागलो.

आजोबांचा जुना चाकू आहे. त्याला लॉक बसवून द्याल का?

बहुतेक वेळा नाही. जुन्या पाठपट्टीच्या चाकूच्या बुडात लॉकची खाच पाडायला जागाच नसते. पाडलीच तर खिळ्याभोवती दोन मिलिमीटरसुद्धा पोलाद उरत नाही आणि तिथूनच बूड तडकतं. वरून लॉक दिसतं, आतून चाकू आधीपेक्षा कमजोर. पैसे घेऊन असं काम मी करणार नाही.

पाठपट्टी बदलून कडक करून देतो, खिळा नवा टाकतो, बुडाला ९० अंशांचा अर्धा थांबा बहुतेक चाकूंत काढता येतो. बुडाजवळची धार मारून बोथट खाचही पाडून देतो. मूठ शिंगाची किंवा सागाची असेल तर हात लावत नाही, तिच्यावर आजोबांच्या अंगठ्याने पडलेला खळगा असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर जागीच असतो. चाकू कागदात गुंडाळून आणा, धार टेपने झाकून. सोमवारी शेड बंद असते.